बोअरच्या पाण्यात लंगोट धुताय? या चुका टाळा

माझी लेक चार महिन्यांची होती तेव्हा तिचे लंगोट दोरीवरून काढले की पापडासारखे ताठ असायचे. चांगलं सुती कापड, तरी हाताला खरखरीत लागायचं. मळ राहत असेल म्हणून मी साबण वाढवला आणि तिथेच चुकले. एकदा वाळलेल्या लंगोटावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला, तर तो मुरेचना. मण्यासारखा घरंगळत खाली गेला. असं कापड लेकराची शू काय टिपणार!

मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी खोल बोअरचं पाणी जड असतं. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरं कवच चढतं, ते त्यातल्याच क्षारांचं. साबणाची वडी या क्षारांशी मिळाली की चिकट साका होतो आणि धाग्यांत जाऊन बसतो. साबण जितका जास्त, तितका साका जास्त. म्हणून लंगोटाला वडी घासूच नका. बादलीभर पाण्यात आधी एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, मग डिटर्जंट पावडर घाला, तीही बेतानेच. खायचा सोडा वेगळा, त्याने हे काम नीट होत नाही. धुण्याच्या सोड्याने हात चरचरतात, तेव्हा रबरी मोजे घाला आणि लंगोट नंतर दोन-तीन स्वच्छ पाण्यांतून काढा.

आधीच ताठ झालेले सुती लंगोट गरम पाण्यात सोडा घालून रात्रभर भिजवा. सकाळी साध्या पाण्यात खळबळा. पाणी दुधाळ होतंय तोवर साबण निघतोय असं समजा. माझ्या लंगोटांना चार पाणी लागले.

दुसरी चूक पाणीटंचाईपायी होते. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात रोजचं धुणं जड जातं, हे मलाही कळतं. पण चार-चार दिवसांचे लंगोट साठवू नका. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. बादलीचं झाकण काढताच डोळ्यांना झोंबतो तो वास त्याचाच. एक दिवसाआड तरी धुवाच. पाणी वाचवायचं तर शेवटच्या खळबळीचं पाणी झाकून ठेवा आणि पुढच्या धुण्याला पहिलं पाणी म्हणून तेच वापरा.

शीचा लंगोट आधी संडासात झाडून गार पाण्याने धुवा. थेट कढत पाणी ओतलं तर डाग धरून बसतो. उरलासुरला पिवळेपणा ऊन काढतं, ओला लंगोट उन्हात टाका.

कपडे मऊ करणारं सुवासिक द्रावण मात्र अजिबात नको. त्याचाही थर बसतो आणि कापड पाणी टिपेनासं होतं.

बाजारच्या कापडी डायपरचं बाहेरचं जलरोधक कव्हर उकळू नका, त्याला इस्त्रीही करू नका. आतला थर सुटतो. मे महिन्याच्या उन्हात ते दिवसभर ठेवलं तर इलॅस्टिकही सैल पडतं. कव्हर सावलीत वाळवा, आतले सुती पॅड खुशाल उन्हात टाका.

पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी पिंपात धरता आलं तर जरूर धरा. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी जाऊ द्या, नंतरचं घ्या. ते मऊ असतं, त्यात सोड्याची गरजच पडत नाही.