टोचऱ्या लोकरीचं जेन

आमच्या माण तालुक्यात आषाढाआधी मेंढरं भादरतात. पूर्वी ही लोकर घोंगडी विणणारे सनगर घेऊन जायचे. आता दारात कुणी येत नाही, लोकर बांधावर कुजते नाहीतर पेटवून देतात. मला ते बघवत नाही. दख्खनी मेंढीची लोकर राठ, टोचरी, स्वेटरच्या कामाची नाही हे खरं. पण बसायला, अंथरायला तिच्यासारखी तीच. सूत न कातता, माग न लावता तिचं जेन होतं, म्हणजे ओली लोकर दाबून, लाटून जमवलेलं जाड अंथरूण.

दोन हात लांब-रुंद थर अंथरायचा तर अर्धा किलोच्या आसपास धुतलेली लोकर लागते. पाठीची आणि बाजूची घ्या, पोटापायाची आखूड, लेंड्या चिकटलेली वेगळी काढा. कुसळं आणि गोखरू कोरड्यातच वेचा. कंटाळवाणं काम आहे, पण एक कुसळ राहिलं तरी बसणाऱ्याला कळतं. मग लोकर रात्रभर गार पाण्यात भिजवा आणि दोन-तीन पाण्यांतून नुसती दाबून काढा. चोळायची नाही, नाहीतर बादलीतच गोळे होतात. वाळली की पिंजा. पिंजारी नसेल तर तारेचे दोन ब्रश चालतात.

अंगणात चटई अंथरून तिच्यावर लोकरीचा पातळ थर द्या, सगळे केस एकाच दिशेला. दुसरा थर त्याच्यावर आडवा. तिसरा उभा, चौथा परत आडवा. माझं पहिलं जेन मधोमध फाटलं, कारण मी सगळे थर एकाच दिशेला दिले होते. प्रत्येक थर दिला की तळहात ठेवून बघा. पोकळ लागेल तिथे चिमूटभर लोकर घाला.

वर मच्छरदाणीचं कापड टाकून कोमट साबणाचं पाणी शिंपडा आणि तळहाताने दाबत हवा काढा. कापड काढून बांबूभोवती चटईसकट घट्ट गुंडाळी करा, दोरीने बांधा आणि कोपरापासून मनगटापर्यंत जोर देत लाटत राहा. शंभरेक फेऱ्या झाल्या की सोडून जेन एक वळण फिरवा, परत गुंडाळा. चारही बाजूंनी असं करा. आपली लोकर लवकर जमत नाही, तास लागला तरी थांबू नका.

जमलं का ते चिमटीने कळतं. वरचे केस चिमटीत धरून उचला. सुटे केस हातात आले तर अजून लाटा. सगळं जेन उचललं गेलं तर झालं. तोवर ते चांगलंच आटलेलं असतं. स्वच्छ पाण्यातून साबण काढा, पिळू नका, सावलीत सपाट वाळवा. कसर लागू नये म्हणून घडीत कडुनिंबाचा पाला ठेवा आणि अधूनमधून ऊन दाखवा.

पोटापायाची वेगळी काढलेली लोकर डाळिंबाच्या रोपाभोवती, खोडापासून चार बोटं सोडून पसरा आणि वर माती ओढा. ओल धरते, आणि सावकाश कुजून नत्र देते. माझे सासरे लोकर धुतलेलं पहिलं पाणीही तिथेच ओततात.