डोळ्यावरच्या गाठीला रेडिएशन सांगितलंय? मग नजरेसाठी एवढं नक्की करा

चार वर्षांपूर्वी बाबांच्या खालच्या पापणीच्या आत गुलाबीसर मऊ पट्टी दिसायला लागली, दुखत काही नव्हतं, त्यामुळे आम्ही दोन महिने ॲलर्जीचेच ड्रॉप्स घालत बसलो. शेवटी बायोप्सी झाली आणि हळू वाढणारा लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा एक कॅन्सर) निघाला, मग रेडिएशनची बारा सिटिंग. गाठ गेली, बाबा ठणठणीत आहेत. पण नंतर कितीतरी महिने ते म्हणायचे "दिसतंय गं, पण नीट नाही दिसत", आणि तपासायला गेलं की चार्टवरची शेवटची ओळ बरोब्बर वाचायचे! तेव्हा कळलं की नंबर आणि नजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून हे सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी गाठीचं नाव विचारा. "डोळ्यावर मांस वाढलंय" एवढ्यावर थांबू नका, कारण उपचार पूर्ण त्यावर ठरतो. नाकाच्या बाजूने बुबुळावर त्रिकोणी पडदा सरकत येतो ते टेरिजियम, तो कॅन्सर नाही. तो बुबुळाला ओढतो त्यामुळे सिलिंड्रिकल नंबर वाढतो आणि नजर वाकडीतिकडी होते. त्याला आता साधारणपणे ऑपरेशन करून त्याच डोळ्याच्या पातळ त्वचेचं ठिगळ लावतात. पूर्वी तो परत येऊ नये म्हणून ऑपरेशननंतर लगेच स्ट्रॉन्शियम-९० या किरणोत्सारी पदार्थाचा शेक (म्हणजे रेडिएशनच) द्यायचे, त्याने परत येणं कमी व्हायचं हे खरं, पण काही जणांचा डोळ्याचा पांढरा भाग कित्येक वर्षांनी त्याच जागी पातळ पडला, इन्फेक्शन झालं. त्यामुळे टेरिजियमला कोणी रेडिएशन सुचवलं तर ठिगळ का चालणार नाही हे स्पष्ट विचारा. आणि तुमच्या घरात कोणी जुन्या काळी असा शेक घेतला असेल तर आजच्या डोळ्याच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, बरेच जण विसरलेले असतात.

पृष्ठभागावरच्या पेशींचा कॅन्सर असेल (स्क्वॅमस म्हणतात तो) तर बऱ्याचदा मायटोमायसिन, ५-एफयू किंवा इंटरफेरॉनच्या ड्रॉप्सनीच काम होतं, नाहीतर गाठ काढून कडांना क्रायो म्हणजे गारठवणं. गाठ खोल गेली असेल किंवा कडेला पेशी राहिल्या असतील तेव्हा रेडिएशनचा विचार करतात. मेलानोमामध्येही (रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर) आधी गाठ काढतात आणि गरज पडली तरच मग शेक. लिम्फोमाची गोष्ट वेगळी, तो एकाच जागी असेल तर बहुतेक वेळा रेडिएशन हाच मुख्य उपचार, आणि तोही तुलनेने कमी डोसचा, साधारण २४ ते ३० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). फक्त त्याआधी तो शरीरात आणखी कुठे आहे का याच्या तपासण्या पूर्ण करून घ्या.

आता रेडिएशन कुठल्या प्रकारचं ते बघा. स्ट्रॉन्शियम किंवा रुथेनियमची चकती डोळ्यावर ठेवतात, तिच्यातून बीटा किरण निघतात, ते काही मिलिमीटरमध्येच विरतात म्हणून आतल्या भागांना डोस कमी जातो. बाहेरून मशीनने देतात तेव्हा जास्त जागा कव्हर होते, पण मग डोळ्यातली लेन्स आणि अश्रूंची ग्रंथी वाटेत येते. लेन्स या बाबतीत फार नाजूक, थोड्या डोसनेही पुढे मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणून दोनच प्रश्न विचारा: माझ्या लेन्सला आणि अश्रूग्रंथीला किती ग्रे जाणार? आणि लेन्स झाकायला शील्ड वापरता येईल का? काही वेळा शील्ड लावली की गाठीचा भाग सुटतो, मग ती लावत नाहीत, तेही डॉक्टर सांगतील.

पहिल्या सिटिंगच्या आधी डोळ्याची पूर्ण नोंद करून घ्या, हे मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगतेय. नुसता चार्ट नको. कॉन्ट्रास्ट टेस्ट (फिकट अक्षरं किती ओळखता येतात ते), बुबुळाची टोपोग्राफी (त्याच्या आकाराचा नकाशा), शिर्मर (पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात, ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळा फारच कोरडा) आणि अश्रूंचा थर किती सेकंदात तुटतो ते, दहाच्या आत तुटला तर कमी. घरीही करा. एकच पान, एकच दिवा, एक डोळा झाकून वाचा, रात्री दिव्याभोवती किरणं फुटतात का बघा आणि तारीख टाकून लिहून ठेवा.

बाबांना प्रत्येक सिटिंगला आधी बधिर करायचा ड्रॉप, मग कॉन्टॅक्ट लेन्ससारखी पण जाड आणि जड शील्ड डोळ्यात. काढल्यावरही डोळा थोडा वेळ बधिरच असतो, चोळला तर बुबुळ खरचटतं आणि कळतही नाही, म्हणून मी त्यांचा हात धरूनच बाहेर आणायचे. गाडी अजिबात चालवू देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाली, पाणी येणं, वाळू गेल्यासारखं टोचणं होतं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे ड्रॉप्स दिवसातून बऱ्याच वेळा, कॉन्टॅक्ट लेन्स बंद, आणि घरात पडलेले स्टिरॉइडचे ड्रॉप्स स्वतःच्या मनाने घालायचे नाहीत.

नंतर धूसर दिसलं तर एक साधी गोष्ट करून बघा. अक्षरं पुसट झाली की दोन-तीन वेळा पूर्ण पापणी मिटून उघडा. अक्षरं लगेच स्वच्छ झाली आणि थोड्या वेळाने परत विस्कटली तर बहुधा कोरडेपणाच. बाबांचं हेच होतं. पेपरची ओळ अर्ध्यात पुसायची, पापणी मिटली की परत उमटायची. चार्ट वाचताना माणूस नकळत पापण्या मिचकावून नेमका तो स्वच्छ क्षण पकडतो, म्हणून नंबर छान येतो! पापण्या मिचकावूनही फरक पडत नसेल, उन्हात आणि समोरच्या गाडीच्या लाईटमध्ये जास्त त्रास होत असेल तर मोतीबिंदू तपासा. रेडिएशनचा मोतीबिंदू बऱ्याचदा लेन्सच्या मागच्या पृष्ठभागावर धरतो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही, आणि ऑपरेशनने निघतो.

इथे क्रम चुकवू नका, आधी कोरडेपणा सुधारायचा, मगच चष्म्याचा नंबर किंवा मोतीबिंदूच्या लेन्सचं माप. कोरड्या बुबुळावर माप घेतलं की ते चुकू शकतं. आम्ही घाईत चष्मा केला आणि थोड्याच दिवसात तो नंबर जुळेना.

जोराचं दुखणं, अचानक कमी दिसणं, बुबुळावर पांढरा ठिपका किंवा पांढऱ्या भागावर निळसर-काळसर पातळ डाग, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, मग रेडिएशनला दहा वर्षं झालेली असोत.

शेवटच्या सिटिंगला एक कागद नक्की मागून घ्या: कोणता डोळा, गाठीचं नाव, कुठल्या प्रकारचं रेडिएशन, एकूण ग्रे, किती सिटिंग, तारखा, शील्ड होती की नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी सर्जननी पहिला हाच कागद मागितला, आणि फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता.