ब्रेक दाबला की पेडल थरथरतं: चाक खोलण्याआधीची तयारी

पाना हातात घेण्याआधी गाडी चालवून बघा. मोकळा सरळ रस्ता, ऐंशीच्या आसपास वेग, हलका ब्रेक. स्टिअरिंग हाताला झटके देत असेल तर बहुतेक पुढच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या. सीट आणि पेडलच हलत असेल तर मागचे ड्रम, म्हणजे मागच्या चाकांतले डबीसारखे ब्रेक. ड्रमची खात्री करायची असेल तर मागे कोणी नाही बघून, तीस-चाळीसच्या वेगात, बटण दाबून धरूनच हँडब्रेक हळूहळू ओढा. थरथर आली तर ड्रमची गोलाई गेली. ब्रेक न लावताही गाडी हलत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करून या. खडीवर करकचून ब्रेक मारल्यावर पेडल टकटकतं ते एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, त्याच्या नादी लागू नका.

सामान. जॅक, पाने हे सांगायला नको. गाडी टेकवायचे स्टँड मात्र हवेतच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, आणि जमिनीवरच्या चाकांना दगड लावायचे. मास्क. ब्रेक क्लीनर. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) टांगायला तार, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. घरातलं बेअरिंगचं ग्रीस चालेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, त्याने रबर फुगतं आणि पिन अडकते.

आणि वायर ब्रश. वायर ब्रश आणि पॉलिश पेपर, हब घासायला, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग. मागच्या वेळी नव्या डिस्क, नवे पॅड सगळं आणलं आणि गंजलेल्या हबवरच डिस्क चढवून मोकळा झालो. डिस्क हबच्या तोंडावर टेकते. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला की ती केसभर तिरकी बसते. सुरुवातीला काही कळत नाही, गाडी मस्त थांबते, म्हणून तर माणूस फसतो. पण ब्रेक न लावताही डिस्कची तीच जागा दर फेऱ्याला पॅडला घासते, तिथेच झिजते, आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल पुन्हा नाचायला लागतं. गॅरेजात सरसकट ‘डिस्क बेंड आहे’ म्हणतात. बहुतेकदा ती वाकलेली नसते, कुठे जाड कुठे पातळ झालेली असते. कधी पॅडचा मालही एका जागी चिकटतो: बोरघाट उतरून खालापूरच्या टोलनाक्यावर तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं, हा त्याचा खात्रीचा मार्ग.

जाडीतला ०.०२ मिमी फरकसुद्धा पायाला जाणवू शकतो, डोळ्याला दिसत नाही. म्हणून मायक्रोमीटर लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडून मागून आणा. कडेपासून सारख्या अंतरावर आठ ठिकाणी मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. त्याच्या खाली गेली असेल किंवा लेथवर फेस मारल्यावर (पृष्ठभाग सपाट कापल्यावर) जाणार असेल, तर नवीच घ्या, आणि दोन्ही बाजूंची.

डिस्क उतरवलीत? आता हब घासा. नट-बोल्टांच्या मुळाशी गंजाची कडी असते, ब्रश तिथे नीट पोचत नाही, पॉलिश पेपर बोटाने फिरवा. बोटाला खरखर लागली तर अजून घासा. जुनीच डिस्क परत लावणार असाल तर तिची आतली बाजूही. मग डिस्क सगळ्या नटांनी आवळून डायल गेज लावा, म्हणजे डिस्क फिरताना किती डोलते ते मोजणारं घड्याळ. गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादा बघा, साधारण ०.०५ मिमीच्या वर डोलली तर काढा, एक बोल्ट पुढे फिरवून बसवा, पुन्हा मोजा. तरी डोलते? हब खरंच घासलात का? घासला असेल तर हबलाच गेज लावा, दोष हबचा नाहीतर बेअरिंगचा.

कॅलिपरचा पिस्टन मागे दाबताना वरची ब्रेक ऑइलची टाकी बघत राहा, सांडलं तर रंग जातो. नव्या डिस्कवरचं तेल क्लीनरने पुसा. चाकाचे नट टॉर्क रेंचने, समोरासमोर, मॅन्युअलमधल्या आकड्याला. पंक्चरवाल्याची एअर गन नको, कमी-जास्त आवळल्यानेही डिस्क तिरकी बसते.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही. मग पन्नासवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, मध्ये गार होऊ द्या. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. दुसऱ्या चाकालाही हेच सगळं, हब घासण्यासकट.