कोकणातला अकीक: नदीपात्रातून गोळा करण्यापासून करवतीपर्यंत

अकीक (इंग्रजीत अ‍ॅगेट), म्हणजे कापून पॉलिश करण्याजोगा, बहुधा पट्टेदार दगड, कोठे सापडतो हे सांगणारे पुष्कळ भेटतात. सापडलेल्या पोतडीभर दगडांतून कापण्याजोगे कोणते, हे सांगणारे क्वचित भेटतात. खरी कसोटी या दुसऱ्या कामात लागते. म्हणून या लेखात शोधण्याचा भाग थोडक्यात आटोपून निवडीवर अधिक लिहिले आहे. पिशवी, हातोडी, चष्मा, पाणी यांची यादी देत बसत नाही.

जागा

सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचून निवालेला लाव्हा. निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिका (वाळूतले मुख्य द्रव्य) विरघळलेले पाणी झिरपत गेले आणि पोकळीच्या भिंतीवर एकावर एक पुटे चढून अकीक तयार झाला. भोवतीचा खडक झिजून माती होतो, पण अकीक त्यामानाने टिकून राहतो, आणि सुटा होऊन पऱ्यांतून नदीत येतो. त्यामुळे सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री यांसारख्या, घाटातून उतरणाऱ्या नद्यांच्या वरच्या भागात, भरतीचे पाणी पोचत नाही तेथील गोट्यांचे पट्टे पाहावेत. खाडीच्या चिखलात आणि जांभ्याच्या सड्यावर वेळ घालवू नये. मालवण-वेंगुर्ल्याच्या पुळणीवर मिळणाऱ्या पांढऱ्या गारांना अकीक म्हणून गोळा करणारेही असतात. त्या बाजूचा खडक या लाव्ह्यापेक्षा कितीतरी जुना आणि निराळा आहे, आणि त्या गारा बहुतेक साध्या स्फटिकाच्या असतात.

फेब्रुवारी 2015 पासून अकीकाची गणना गौण खनिजांत होते. ओंजळभर गोटे उचलणे आणि गोण्या भरून नेणे यांत फरक आहे. खणून काढायचे किंवा विकायचे असेल तर तहसील कार्यालयात रीतसर चौकशी करावी. अभयारण्ये आणि संरक्षित किल्ल्यांच्या हद्दीतून काहीही उचलू नये. जुलै 2021 च्या महापुरानंतर वाशिष्ठी आणि सावित्री यांच्या पात्रांतून गाळ काढण्यात आला. असा काढलेला गाळ काठावर ढिगाने पडलेला दिसला तर तो चाळण्यास उत्तम असतो, मात्र हात लावण्यापूर्वी तो कोणाच्या ताब्यात आहे हे गावात विचारून घ्यावे.

वाशिष्ठीविषयी एक सूचना. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचे पाणी याच नदीत उतरते, त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही वरच्या भागात पाणी चढू शकते. पात्राच्या मधल्या बेटावर बसून दगड निवडू नयेत.

वेचणे

दसऱ्यानंतर पाणी ओसरले की जावे. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर, सूर्याकडे तोंड करून सावकाश चालावे. काळ्या गोट्यांत अकीकातून प्रकाश आरपार येऊन त्याची कड उजळते आणि तो आपोआप नजरेत भरतो. उन्हाकडे पाठ करून दिवसभर वाकणाऱ्यांची मला नेहमीच दया येते. संशय आला तर पोलादी सुरीने ओरखडा काढून पाहावा. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या 1 ते 10 च्या मोह्स मापात अकीक 6.5 ते 7 असल्याने सुरीचेच पोलाद घासून त्यावर राखी रेघ उमटते. कॅल्साइट आणि बहुतेक झिओलाइट ही याच खडकात सापडणारी मऊ खनिजे मात्र सुरीने सहज कोरली जातात. जागच्या जागी हातोडीने फोडून पाहण्याचा सल्ला अजिबात ऐकू नये. एका घावाने चांगल्या दगडात जे तडे जातात ते घरी येईपर्यंत दिसतही नाहीत.

तडे ओळखणे

आता मुख्य टप्पा. याच टप्प्याने मला बराच काळ छळले, आणि त्याचे कारण एक सर्रास दिला जाणारा सल्ला होता: दगड ओला करावा, जो छान दिसेल तो ठेवावा. ओला दगड छान दिसतोच! पाणी पृष्ठभागावरचा खरखरीतपणा भरून काढते, रंग गडद होतो, पट्टे उठून दिसतात, आणि नेमक्या त्याच वेळी बारीक तडेही पाण्याने भरून नजरेआड होतात. म्हणजे ज्या अवस्थेत दगड सर्वांत अधिक फसवतो त्याच अवस्थेत त्याची परीक्षा करावी, असे हा सल्ला सांगतो. ओल्या दगडावरून रंग आणि नक्षी यांचा अंदाज घ्यावा, सच्चेपणाचा कधीही घेऊ नये.

सच्चेपणा कळतो तो दगड वाळत असताना. सर्व दगड साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून रात्रभर स्वच्छ पाण्यात भिजत ठेवावेत. सकाळी फडक्याने टिपून, सावलीत वर्तमानपत्रावर एकमेकांना न चिकटता मांडावेत आणि तेथून हलू नये. पृष्ठभाग काही मिनिटांत फिका पडतो, पण तड्यात शिरलेले पाणी लवकर निघत नाही, त्यामुळे फिक्या दगडावर केसाइतकी गडद रेघ उरते आणि थोड्या वेळाने तीही नाहीशी होते. ती दिसत असतानाच तिच्यावर पेन्सिलीने खूण करावी. कडक उन्हात मांडले तर हा मधला अवधी इतका आखडतो की पाहायला काहीच उरत नाही. पंखाही बंद ठेवावा.

मात्र प्रत्येक रेघ म्हणजे तडा नव्हे. नदीत आपटून आलेल्या गोट्यांवर नखाच्या टोकाएवढ्या कमानदार खुणा असतात. त्या बहुधा वरच्यावर असतात आणि पहिल्या घासणीत जातात. काही जुने तडे जमिनीखाली असतानाच पुन्हा सिलिकाने भरून सांधले गेलेले असतात. त्यांत पाणी शिरत नाही, म्हणून वाळताना ते गडद दिसत नाहीत, आणि कापल्यावर त्यांतून कित्येकदा सुरेख शिरा निघतात. तिसरा प्रकार उघड्या तड्यांचा. त्यांत पाणी थांबते आणि बहुधा लोहाचा तपकिरी गंजही उतरलेला असतो. असा दगड करवतीवर दुभंगतो किंवा, त्याहून वाईट, पॉलिश पूर्ण होत आल्यावर दुभंगतो.

शंका उरलेल्या दगडांसाठी अंधारी खोली आणि छोटा, झोतदार टॉर्च पुरतो. टॉर्च दगडाला टेकवून धरावा आणि दगड बोटांत सावकाश फिरवावा. चांगल्या अकीकातून साबुदाण्याच्या कच्च्या पापडातून यावा तसा धूसर, सलग उजेड येतो. तडा असेल तर एका विशिष्ट कोनात तो आतून एकदम चंदेरी चमकतो आणि दगड जरासा वळवताच विझतो. पट्टे असे चमकून विझत नाहीत. ही चमक जेथवर पोचते तेथवर तडा खोल आहे असे समजावे.

दोन दगड सैल हातात धरून एकमेकांवर हलकेच वाजवण्याची जुनी रीतही आहे. सच्चा खणखणीत वाजतो, तडकलेला बद्द वाजतो. परंतु सुपारीएवढे दगड बहुतेक सारखेच वाजतात, आणि मध्ये स्फटिकांची पोकळी असलेला उत्तम दगडही बद्द वाजू शकतो, म्हणून केवळ आवाजावर काही टाकून देऊ नये.

या टप्प्यावर दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, तेल. तेल लावलेला, न कापलेला दगड विकत घेऊ नये, आणि स्वतःच्या दगडांना निवडीपूर्वी तेल चोळू नये, कारण ते तड्यात मुरते आणि वाळताना पाहण्याची सगळी परीक्षा निकामी होते. दुसरी, दगड उकळून थंड पाण्यात टाकण्याचा प्रकार. कच्चे असतील ते आपोआप फुटतील, असे त्याचे समर्थन केले जाते. त्याने पक्केही तडकतात.

ढीग लावणे

यापुढचे काम सोपे आहे. सच्च्या दगडांतून पट्टेदार, शेवाळी (आत शेवाळासारखी नक्षी असलेले) आणि एकरंगी असे तीन ढीग करावेत. पट्टेदार दगडावर पट्ट्यांना काटकोनात कापण्याची रेघ आताच आखून ठेवावी. ज्यांत झिओलाइटचा पांढरा, मऊ भाग मिसळलेला आहे ते बाजूला काढावेत. पॉलिश करताना मऊ भाग आधी झिजून तेथे खळगा पडतो. फिकट पिवळे-तपकिरी दगडही वेगळे ठेवावेत. त्यांतील लोह तापवल्यावर लाल होते, आणि गुजरातमधील खंभातचे कारागीर याच रीतीने, दगड आधी दीर्घकाळ उन्हात ठेवून मग मातीच्या भांड्यांत मंद आचेवर भाजून, लाल अकीक तयार करत आले आहेत. घरच्या गॅसवर हा प्रयोग करू नये, आच एकदम लागली की दगड तडकतो.

उघड्या तड्यांचे दगड फेकून देण्याची आवश्यकता नाही. तड्यावरून मोडून त्यांचे लहान, सच्चे तुकडे मण्यांसाठी ठेवावेत. मोडताना दगड जाड फडक्यात गुंडाळावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. अकीकाच्या कपच्या काचेइतक्या धारदार असतात. कोरडे कापणे किंवा घासणे मात्र एका तुकड्यापुरतेही करू नये. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, आणि अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये तो फार पूर्वीपासून आढळत आला आहे. करवतीवर आणि चाकावर पाणी सतत चालू असावे.

प्रत्येक ढिगासोबत नदीचे आणि गावाचे नाव, तसेच महिना लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. नुसते ‘कोकण’ लिहू नये. पुढच्या हंगामात कोणत्या पात्रातून सच्चे दगड अधिक निघाले हे त्या चिठ्ठ्यांवरूनच ठरवायचे असते. कापण्याची सुरुवात सर्वांत देखण्या दगडापासून न करता एकरंगी ढिगातल्या साध्या दगडापासून करावी, म्हणजे खुणा बरोबर केल्या होत्या की नाही हे स्वस्तात कळते.