तापमान आणि विजेचे युनिट : रिग्रेशन करताना या चुका टाळा

नागपुरात पारा चढला की मीटर पळतो, हे कळायला संख्याशास्त्र लागत नाही. एका अंशामागे किती युनिट वाढतात, हे सांगायला मात्र लागते. सोसायटीचे रोजचे युनिट आणि शहराचे कमाल तापमान असे दोन रकाने मांडले की एक्सेल क्षणात रिग्रेशन करून, म्हणजे बिंदूंना सर्वांत जवळची रेषा बसवून, उत्तर देते. बहुतेक चुका त्याच्या आधीच झालेल्या असतात.

सगळ्यात आधी तारखा जुळवा. मीटरची नोंद सकाळी 8 वाजता होत असेल, तर 15 मेच्या नोंदीतला बराचसा वापर 14 मेचा असतो. युनिटचा रकाना एक दिवस मागे सरकवला नाही, तर रेषेचा उतार, म्हणजे अंशामागची वाढ, खऱ्यापेक्षा कमी येतो. ज्या दिवशी नोंद राहून गेली तिथे 0 लिहू नका, जागा रिकामी ठेवा. शून्य युनिट आणि माहीत नसलेले युनिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग आलेख काढा. 30 मे 2024 रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंशांची नोंद झाली होती. संवेदकातल्या बिघाडामुळे ती चुकीची असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. असा एकच बिंदू संपूर्ण रेषा आपल्याकडे ओढून घेतो, कारण तो तापमानाच्या अक्षावर बाकीच्यांपासून फार दूर असतो. पण दूर दिसला म्हणून कोणताही बिंदू खोडायचा नाही. 23 मे 2013 चे 47.9 अंश ही खरी नोंद आहे, आणि मेअखेरचे असे तापलेले दिवसच तर आपल्याला समजून घ्यायचे असतात. नोंद चुकली असल्याचे कारण सापडले तरच ती वगळा. कारण सापडले नाही, तर तिच्यासह आणि तिच्याशिवाय अशी दोन्ही उत्तरे द्या.

आर-स्क्वेअर (युनिटमधल्या चढउताराचा रेषेने उलगडलेला वाटा) 0.85 आला म्हणजे मॉडेल बरोबर, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. फेब्रुवारीत 29 अंश असो की 31, कूलर बंदच असतो. साधारण 33 च्या पुढे घराघरांत कूलरच्या ताट्या भिजू लागतात आणि तिथून रेषा वर वळते. अशा वाकलेल्या संबंधातही सरळ रेषेचा आर-स्क्वेअर चांगला येऊ शकतो. खरे काय ते रेसिड्युअल सांगतात, म्हणजे खरी नोंद वजा रेषेने दिलेला आकडा. ते तापमानासमोर मांडा. दोन्ही टोकांना धन आणि मधे ऋण दिसले, तर सरळ रेषा चालणार नाही. उपाय सोपा आहे: नवा रकाना करा, त्यात तापमान वजा 33 लिहा, उत्तर ऋण आले तर 0. सीमा 30 ते 36 पर्यंत एकेक अंशाने बदला आणि रेसिड्युअलच्या वर्गांची बेरीज जिथे सर्वांत कमी, तो आकडा ठेवा.

एवढे करूनही जुलैचे बिंदू रेषेच्या वर राहतील. मार्चमधले 34 आणि जुलैमधले 34 सारखे नाहीत: कोरड्या उन्हात कूलर भागवतो, पावसाळी दमटपणात तो थंडावा देत नाही आणि एसी लावावा लागतो. आर्द्रतेचा रकाना नसेल, तर तिचा परिणाम तापमानाच्या गुणकात, म्हणजे अंशामागच्या वाढीच्या आकड्यात, मिसळतो. सायंकाळी 5.30 ची आर्द्रता जोडा.

पण म्हणून हाताशी असलेले सगळेच रकाने घालू नका. कमाल, किमान आणि त्यांची सरासरी तिन्ही घातली, तर तिसऱ्यात नवे काहीच नसते. सॉफ्टवेअर एक रकाना गाळते किंवा अडते. फक्त कमाल-किमान घातले तरी ते एकत्र चढतात-उतरतात आणि एखाद्या गुणकाचे चिन्ह उलटू शकते. एक रकाना दुसऱ्यावरून काढताना आर-स्क्वेअर 0.9 येत असेल, तर रकाने एकमेकांत किती गुंतले आहेत ते मोजणारा व्हीआयएफ 10 होतो, कारण सूत्र आहे 1 भागिले (1 वजा आर-स्क्वेअर). नुसता अंदाज हवा असेल तर याने फारसे बिघडत नाही. गुणकाचा अर्थ लावायचा असेल तर सरासरी आणि दिवस-रात्रीची तफावत असे दोन रकाने घ्या. महिना 1 ते 12 अशा अंकांत घालणे हीदेखील चूकच. स्थिरांक ठेवून 11 डमी रकाने करा, म्हणजे प्रत्येक रकान्यात त्या महिन्याला 1 आणि इतरांना 0.

पी-व्हॅल्यू 0.03 म्हणजे ‘परिणाम नसण्याची शक्यता 3 टक्के’ नव्हे. परिणाम खरोखर शून्य असता आणि मॉडेलची गृहीतके बरोबर असती, तर इतका किंवा याहून टोकाचा आकडा 3 टक्के वेळा दिसला असता, एवढाच त्याचा अर्थ. तसेच गुणक 1.2 युनिट आणि प्रमाण त्रुटी (गुणकातल्या अनिश्चिततेचे माप) 0.8 असेल, तर 95 टक्क्यांची मर्यादा, म्हणजे नोंदींशी जुळणाऱ्या गुणकांचा पट्टा, साधारण उणे 0.4 ते 2.8 येते. तिच्यात शून्य आले म्हणून ‘परिणाम नाही’ लिहिणे चूक; अंशामागे अडीच युनिटांची वाढही या नोंदींशी जुळते. पी-व्हॅल्यूऐवजी ही मर्यादा लिहा.

रोजच्या नोंदींत आणखी एक अडचण असते. लोक युनिटचा रकाना नॉर्मल (घंटेच्या आकारात विखुरलेला) आहे का ते तपासत बसतात. ती अट मुळात त्या रकान्याला नाहीच, रेसिड्युअलला आहे, आणि नोंदी भरपूर असल्या तर तिचे महत्त्व आणखी कमी होते. त्यापेक्षा कालचे रेसिड्युअल आजच्यासारखेच आहे का ते पाहा. हे साम्य मोजणारा डर्बिन-वॉटसनचा आकडा 2 च्या जवळ हवा. तो 1 पर्यंत उतरला, तर 120 दिवसांच्या नोंदींत 120 दिवसांइतकी माहिती नसते, छापून आलेली प्रमाण त्रुटी खऱ्यापेक्षा लहान असते आणि पी-व्हॅल्यू उगाच छोटी दिसते. तिथे लागोपाठच्या दिवसांतले साम्य हिशेबात धरणाऱ्या न्यूई-वेस्ट पद्धतीची प्रमाण त्रुटी वापरा. गुणक तोच राहील, मर्यादा बहुधा रुंदावेल.