मुलांसोबत लाकडी बैठे टेबल करताना या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला हाताशी घेऊन घरी एखादी लाकडी वस्तू करायची असेल, तर अभ्यासाचे बैठे टेबल ही त्यासाठी उत्तम वस्तू आहे. चार पाय, त्यांना जोडणारी चौकट आणि वरची फळी एवढेच तिचे भाग असतात, आणि केलेली वस्तू दुसऱ्या दिवसापासून वापरात येते. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले, तेव्हा मुलांच्या हातची वस्तू उपयोगी असावी हा आग्रह त्यामागे होता, आणि घरच्या कामातही तो तितकाच लागू पडतो. तरीही अशी टेबले पुष्कळदा डुगडुगतात, वर्षभरात त्यांच्या फळीला चीर जाते, किंवा मुलाचा उत्साह दुसऱ्या दिवशीच ओसरून काम पालकांच्या एकट्याच्या गळ्यात पडते. माझ्या मते यांतल्या बहुतेक दोषांचे मूळ कामाच्या वाटणीत असते. मोजणे, आखणे आणि तपासणे ही कामे पालक घाईने स्वतः उरकतात आणि मुलाच्या हाती फक्त पॉलिश पेपर देतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला करवत सरळ चालवता येईलच असे नाही, पण तेच मूल टेप धरून एकच माप तीनदा न कंटाळता घेऊ शकते, आणि टेबलाचा कस मापावरच ठरतो.

माप घेताना

दुकानातल्या टेबलाची उंची जशीच्या तशी उचलणे ही पहिली चूक. ज्याच्यासाठी टेबल करायचे त्याला मांडी घालून ताठ बसवावे, कोपर काटकोनात ठेवायला सांगावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी. फळीचा वरचा पृष्ठभाग त्या पातळीला किंवा किंचित वर यावा. चौकटीची पट्टी फळीखालचे दोन-तीन इंच खाते, हे येथे विसरले जाते आणि मग गुडघे आत जात नाहीत. पुस्तकांचे दोन गठ्ठे रचून त्यांवर फळी टाकली आणि मुलाला तिथे अर्धा तास लिहू दिले, तर ही चूक करवत लावण्यापूर्वीच कळते.

दुसरी चूक एककांची. वखारीत आणि सुतारकामात फूट, इंच आणि सूत चालते, शाळेत मूल सेंटिमीटर शिकते, आणि एकाच कामात दोन्ही मिसळले की घोटाळा ठरलेला. एका इंचाचे आठ सूत होतात, म्हणजे एक सूत सुमारे तीन मिलिमीटर. चार पायांपैकी एक पाय एवढ्यानेच आखूड पडला तरी टेबल डुगडुगते. म्हणून आरंभीच एक एकक ठरवावे आणि मुलाला सोयीचे असेल तर सगळे काम मिलिमीटरमध्ये करावे. टेपच्या टोकाची पत्र्याची आकडी थोडी हलते, तेव्हा टेप मोडली असे समजून काही जण ती ठोकून घट्ट करतात. तसे करू नये. ती आकडी स्वतःच्या जाडीइतकी मुद्दाम हलती ठेवलेली असते, त्यामुळे बाहेरून अडकवून घेतलेले आणि आतून टेकवून घेतलेले अशी दोन्ही मापे बरोबर येतात. मुलाला हे हलवून दाखवले, तर टेपवरचा त्याचा विश्वास वाढतो.

लाकूड निवडताना आणि कापताना

वखारीत फळी डोळ्यांसमोर आडवी धरून एका टोकाकडून कडेने पाहिली की तिचा बाक आणि पीळ लगेच दिसतो. हे काम मुलालाच द्यावे. माल बांधणीच्या जुन्या पॅलेटचे पाइन वापरायचे असेल, तर त्यावरचा शिक्का वाचावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेले लाकूड, तर ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने प्रक्रिया केलेले. दुसऱ्या प्रकारचे लाकूड घरात आणू नये.

कापताना करवतीचे पाते स्वतःच्या जाडीइतके लाकूड खाते, म्हणून रेघेवर न कापता टाकाऊ बाजूने कापावे. मुलाने टाकाऊ बाजूवर आधीच फुली मारून ठेवली की चूक होत नाही. चारही पाय टेपने वेगवेगळे मोजू नयेत. एक पाय नीट कापून तोच नमुना म्हणून वापरावा आणि बाकीचे तीन त्यावरून आखावेत. विजेवर चालणारी करवत आणि ग्राइंडर मुलाच्या हाती अजिबात देऊ नयेत. पटाशी (लाकूड तासायची सपाट धारेची छिन्नी) वापरायला दिल्यास लाकूड शिकंज्यात (क्लॅम्पमध्ये) पक्के आवळलेले असावे आणि मुलाचे दोन्ही हात धारेच्या मागे असावेत.

सांधे जोडताना

पट्टीच्या टोकाला चीर पडली, तर बहुधा स्क्रूसाठी आधी भोक पाडलेले नसते. चार मिलिमीटरच्या स्क्रूसाठी पाइनमध्ये सुमारे अडीच आणि सागवानात तीन मिलिमीटरचे भोक पुरते. सागवानात स्क्रू अडत असेल तर त्याचे आटे मेणबत्तीवर घासावेत.

फेविकॉल लावूनही सांधा निसटतो, कारण लाकडाचे कापलेले टोक डिंक शोषून घेते आणि पकड बसत नाही. अशा सांध्याला स्क्रूचा किंवा लाकडी खुंटीचा आधार द्यावाच लागतो. शिकंजे नसतील तर चौकटीभोवती सुतळीचे दोन-तीन फेरे घेऊन त्यांत काठी घालून पीळ द्यावा, आणि डिंक ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे आले, तर चौकट काटकोनात आहे. नसतील, तर लांब कर्णाची टोके आत दाबावीत. बाहेर आलेला डिंक तेव्हाच ओल्या फडक्याने पुसावा, नाही तर पॉलिशमध्ये तिथे फिके डाग उमटतात. सांध्यावर चोवीस तास भार देऊ नये.

टेबल डुगडुगत असेल तर

लगेच पायाला करवत लावू नये. टेबल पाव फेरी फिरवून पाहावे: आता दुसरा पाय अधांतरी राहू लागला, पण जागा तीच असेल, तर दोष फरशीचा आहे, तोच पाय उचललेला राहिला, तर दोष टेबलाचा. मग सपाट जागी आखूड पायाखाली पाचर सरकवून टेबल स्थिर करावे, पाचरेच्या उंचीपेक्षा जरा जाड ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती एकाच उंचीवर रेघ ओढावी आणि त्या रेघेवर सर्व पाय कापावेत. नजरेने एकेक पाय छाटत गेल्यास टेबल बुटके होते आणि डुगडुगतच राहते.

फळी बसवताना आणि पॉलिश करताना

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फळी चौकटीला चारही बाजूंनी फेविकॉलने चिकटवली, तर तिला हलायला वाव राहत नाही आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती मधूनच फाटते. म्हणून फळीला डिंक लावूच नये. खालून पत्र्याच्या एल-पट्ट्या लावाव्यात आणि त्यांची स्क्रूची भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट असावीत. प्लायवूडची फळी असेल, तर तिचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ही काळजी फारशी लागत नाही.

पॉलिश पेपर 80, 120 आणि 220 नंबरचा, म्हणजे खरखरीतपासून बारीककडे अशा क्रमाने, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवावा. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत आणि पॉलिश लागताच उठून येतात. ओले फडके फिरवून तिरप्या उजेडात पाहिले की ते आधीच सापडतात. घासताना दोघांनीही मास्क लावावा, कारण लाकडाची धूळ दीर्घकाळ श्वासात जाणे कर्करोगकारक ठरलेले आहे.

जवसाचे तेल लावणार असाल, तर वापरलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हवा लागून सुकताना हे तेल उष्णता सोडते आणि बोळ्यात ती साठून फडके आपोआप पेटू शकते. ती दोरीवर मोकळी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावीत आणि मगच टाकावीत.