पहिली ते चौथीच्या वर्गात चांगुलपणा कसा शिकवावा

माझी शाळा दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबागांच्या मधोमध आहे. ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची मजूर कुटुंबं बागांवर राहायला येतात आणि दिवाळीनंतर माझ्या तिसरीच्या वर्गात चार-पाच नवी मुलं बसू लागतात. त्यांची बोली वेगळी असते आणि पुस्तक निम्मं पुढे गेलेलं असतं. जूनपासून परिपाठात रोज सुविचार म्हणणारी आमची मुलं या नव्या पोरांच्या तोंडून पहिला शब्द निघाला की खुसखुसतात.

ते हसू मला चांगलं ठाऊक आहे. मी बागलाणातली, घरी अहिराणी बोलणारी. नाशिकच्या शाळेत आले तेव्हा शेजारच्या मुलीला ‘काय करी ऱ्हायनी?’ असं विचारलं आणि अख्खा वर्ग हसला. बाईही हसल्या. त्यानंतर कितीतरी महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. म्हणून आता माझ्या वर्गात काय करते ते सविस्तर लिहिते.

आधी पंधरा दिवस नुसतं बघा

वर्ष सुरू झालं की लगेच उपदेशाला लागू नका. एक साधी वही घ्या आणि दोनच वेळा मुलांकडे नीट बघा: खिचडीच्या पंगतीत आणि मधल्या सुट्टीत. कोण कुणाशेजारी बसतं, कुणाच्या शेजारची जागा रोज रिकामी राहते, लंगडीत गडी वाटून घेताना शेवटी कोण उरतं, हे लिहून ठेवा. मी पंगतीचा चक्क नकाशा काढते. दोन आठवड्यांत तीन-चार नावं आपोआप वर येतात. पुढची सगळी मेहनत आधी त्या मुलांसाठी करायची.

गुणाचं नाव सांगू नका, वाक्य द्या

‘दयाळूपणा’ हा शब्द सात वर्षांच्या मुलाला फळ्यावरून उतरवून घेता येतो, वापरता येत नाही. त्याला तोंडात बसणारं वाक्य लागतं. मी महिन्याला एकच वाक्य घेते. ‘इथे बस, जागा आहे.’ ‘तुला दिसतंय का, मी सरकू?’ ‘आमच्यात खेळतोस का?’ परिपाठानंतरची दहा मिनिटं याच वाक्याची छोटी नाटुकली करायची. एक जण नवा मुलगा होतो, दोघं आधीपासून बसलेले. मग अदलाबदल करायची. नवा होऊन दारात उभं राहिल्याशिवाय ते उभं राहणं मुलांना कळत नाही, म्हणून ही अदलाबदल कधीच टाळू नका.

बोलीचंही असंच. नव्या मुलाला रोज एक शब्द विचारायचा: तुमच्याकडे पावसाला काय म्हणतात, आजीला काय म्हणतात? तो शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि दिवसभर सगळ्यांनी तोच वापरायचा, बाईंनीसुद्धा. आठवडाभरात बाकीची मुलं त्याच्याभोवती नवे शब्द मागायला गोळा होतात.

काम द्या, बक्षीस देऊ नका

इथे अनेक शिक्षकांशी माझं पटत नाही. मदत केली की स्टार आणि महिन्याअखेर ‘गुणी विद्यार्थी’, हा तक्ता मीही दोन वर्षं लावला होता. मुलं मदत करून लगेच माझ्याकडे बघायची. बाई बघत नसतील तर पडलेली पाटी तशीच पडून राहायची. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी २००८ मध्ये जेमतेम २० महिन्यांच्या बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मदत केल्याबद्दल ज्यांना वस्तू बक्षीस मिळाली, ती बाळं पुढे बक्षीस नसताना कमी मदत करू लागली. तो वाचला आणि तक्ता उतरवला.

त्याजागी कामं आली. दुसऱ्या कुणाचं तरी त्यावाचून अडेल अशी कामं निवडा: पिण्याच्या पाण्याची टाकी, पंगतीत वाढणं, गैरहजर मुलाला कालचा अभ्यास सांगणं. नव्या मुलाला आठ दिवसांसाठी एक सोबती द्या. सोबत्याने हजेरीला शेजारी बसायचं, नळ आणि स्वच्छतागृह दाखवायचं, सुट्टीत खेळात घ्यायचं. सोबती नेहमी हुशार मुलांतूनच निवडू नका. पंगतीच्या नकाशात एकटी पडलेली माझी एक विद्यार्थिनी सोबती झाल्यावर पहिल्यांदा मोठ्याने बोलायला लागली.

आणि मॉनिटरला ‘मस्ती करणाऱ्यांची नावं’ फळ्यावर लिहायला लावणं आजच बंद करा. त्यातून मुलं चुगली शिकतात. शिवाय शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. चारचौघांत मान खाली घालायला लावणं याहून वेगळं ते काय?

भांडण झालं की

‘सॉरी म्हण’ असं सांगितलं की मूल सॉरी म्हणतं आणि प्रश्न तिथेच मिटतो, खरं तर झाकला जातो. त्याऐवजी दोघांना बाजूला बसवून चार प्रश्न विचारा. काय झालं? तुला तेव्हा काय वाटलं? त्याला काय वाटलं असेल? आता नीट कसं करायचं? चौथ्या प्रश्नाचं उत्तर हातांनी द्यायचं असतं. वहीचं पान फाडलं असेल तर ते चिकटवायचं, मजकूर पुन्हा लिहून द्यायचा. दोघंही तावातावात असतील तर आधी पाणी प्यायला पाठवा, दहा मिनिटांनी बोला.

तुमचं चुकलं तर

गेल्या वर्षी एका मुलाची नवी कंपासपेटी हरवली. ‘बाई, तिने घेतली,’ असं दोघं-तिघं एकदम म्हणाले आणि बोट दाखवलं ते बागेवरून येणाऱ्या मुलीकडे. तिचं दप्तर म्हणजे खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. मी विचार न करता तीच आधी उपडी केली. दोन वह्या, पेन्सिलचा तुकडा, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. पेटी थोड्या वेळाने त्या मुलाच्याच दप्तराच्या मागच्या कप्प्यात सापडली.

ती रडली नाही. तिने भाकरी पुन्हा फडक्यात बांधली, गाठ दोनदा आवळली.

दुसऱ्या दिवशी परिपाठात मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, ‘काल मी तुझी पिशवी उपडी केली. तुला न विचारता केली आणि फक्त तुझीच केली. माझं चुकलं.’ कसलीही सबब मुद्दाम जोडली नाही, तुम्हीही जोडू नका. वर्ग एकदम शांत झाला. मधल्या सुट्टीत तो पेटीवाला मुलगा तिच्याकडे गेला आणि म्हणाला, ‘माझंपण चुकलं.’ त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. मी वर्षभर शिकवलेल्या कुठल्याही पाठापेक्षा त्या दोन मिनिटांचा परिणाम जास्त झाला असं मला मनापासून वाटतं.

चौथीला पंचवटी दाखवा

सहलीला पंचवटीत नेता तेव्हा काळाराम मंदिरासमोर जरा थांबा. आधी विचारा, खेळात घेतलं नाही तर कसं वाटतं? मुलं भरभरून बोलतात. मग सांगा की २ मार्च १९३० रोजी याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि इथे दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने पुढे नेला. आमच्याच जिल्ह्यातल्या माणसांना जन्मावरून दाराबाहेर ठेवलं जात होतं, हे ऐकून नऊ वर्षांची मुलं ‘पण का?’ असं विचारतात. उत्तराची घाई करू नका, परतीच्या प्रवासभर तो प्रश्न त्यांच्यात राहू द्या.

नोंदी खऱ्या लिहा

वर्णनात्मक नोंदींत ‘इतरांना मदत करते’, ‘नम्रपणे वागतो’ ही तयार वाक्यं आपण सगळेच उतरवतो. व्यक्तिमत्त्व गुणविशेषांच्या रकान्यात निदान एक खरा प्रसंग, तारखेसह लिहा. तोच पालकसभेत सांगा. मार्कांबद्दल ऐकायला आलेली आई ‘तुमच्या मुलाने पडलेल्या मुलाचं दप्तर घरापर्यंत नेलं’ हे ऐकते तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

सीझन संपला की एप्रिलच्या आसपास बागेवरची मुलं गावी परततात. जाताना स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड द्यायला विसरू नका, पुढच्या शाळेत प्रवेशाला ते उपयोगी पडतं. आम्ही कार्डासोबत वर्गाचं पत्रही देतो. त्या गोणीच्या पिशवीवाल्या मुलीच्या पत्रात तिच्या सोबतीने एवढंच लिहिलं होतं: ‘दिवाळीनंतर ये. माझ्या शेजारची जागा ठेवते.’